चौघं मिळून खेळायचे शूटर गेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीत मी पुण्यात अडकले होते आणि धाकटा भाऊ रॉटरडॅममध्ये. फोनवर रोज तेच बोलणं व्हायचं. भाजी मिळाली का, आई-बाबांची औषधं आली का. एके दिवशी बोलण्यासारखं काही उरलंच नाही, तेव्हा तो म्हणाला, "ताई, बोलू नकोस. खेळ माझ्याबरोबर." तेव्हापासून आठवड्यातून दोन रात्री आम्ही एकत्र खेळतो. उरलेल्या दोन जागांवर कधी त्याचे मित्र असतात, कधी माझी मावसबहीण, कधी अगदी अनोळखी माणसं. ओळखीपाळखीचे लोक या खेळांबद्दल मला जे विचारतात, त्याची उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. बहुतेक उदाहरणं ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’ आणि ‘बॉर्डरलँड्स’ या दोन गेममधली आहेत, कारण माझ्या सर्वांत जास्त रात्री तिथेच गेल्या.

को-ऑप आरपीजी शूटर हा प्रकार म्हणजे नक्की काय?

बंदूक घेऊन शत्रूशी लढायचं, म्हणून शूटर. पण समोर दुसरी माणसं नसतात. तीन-चार खेळाडू एका बाजूला आणि कॉम्प्युटर चालवतो ते शत्रू दुसऱ्या बाजूला, म्हणून को-ऑप. आणि आरपीजी म्हणजे तुमच्या पात्राला एक ठरलेली भूमिका असते, ते खेळता खेळता अनुभव कमावतं, त्याची लेव्हल वाढते, नवी कौशल्यं आणि हत्यारं मिळतात, आणि त्यातलं काय घ्यायचं हे तुम्ही ठरवता.

मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळणाऱ्यांना पहिला फरक लगेच जाणवतो. तिथे तुम्ही जिंकलात की कोणीतरी हरलेलं असतं. इथे जिंकलो तर चौघं, हरलो तरी चौघं.

गोळीबाराच्या खेळात आरपीजी आणलं कोणी?

हे एका दिवसात झालं नाही. भूमिका वाटून घ्यायची कल्पना शूटरमध्ये लोकप्रिय झाली ती १९९६ च्या ‘टीम फोर्ट्रेस’मुळे. ‘क्वेक’ या गेमवर काही ऑस्ट्रेलियन तरुणांनी बांधलेला तो फुकट मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून केलेला खेळ, होता. १९९९ मध्ये ‘सिस्टम शॉक २’ आला. त्यात शूटरच्या डोळ्यांनी बघत आरपीजीसारखं पात्र घडवायचं होतं, आणि सोबतीने खेळायची सोय नंतर एका पॅचमधून, म्हणजे गेममध्ये मागाहून केलेल्या सुधारणेतून, दिली गेली. ‘डायब्लो’ बनवणाऱ्यांपैकी काहींनी २००७ मध्ये ‘हेलगेट : लंडन’ काढला. ‘डायब्लो’सारखी लूट, म्हणजे शत्रू मारल्यावर पडणारी हत्यारं आणि वस्तू, त्यांना शूटरमध्ये आणायची होती. तो गेम फार काळ तग धरू शकला नाही.

गाडी रुळावर आली २००९ च्या ऑक्टोबरमध्ये. टेक्ससमधल्या गिअरबॉक्स कंपनीचा ‘बॉर्डरलँड्स’ आला. पँडोरा नावाचा उजाड ग्रह, चार पात्रं, आणि कॉम्प्युटरने तुकडे जोडून तयार केलेल्या असंख्य बंदुका. चौघांनी मिळून खेळायचा लुटीचा शूटर म्हणजे काय, हे बहुतेकांना त्या गेमने शिकवलं.

पण मजा नेमकी कशात आहे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘डीप रॉक गॅलॅक्टिक’ हा कोपनहेगनच्या घोस्ट शिप गेम्सचा गेम. २०१८ मध्ये तो अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आला आणि १३ मे २०२० ला पूर्ण झाला. तुम्ही चार बुटके खाणकामगार. हॉक्सेस नावाच्या ग्रहाच्या पोटात उतरायचं, खनिजं काढायची, किड्यांच्या झुंडींशी लढायचं आणि जिवंत परत यायचं. गुहा दर वेळी नवी असते, काळोखी असते, आणि तिची जवळजवळ प्रत्येक भिंत फोडता येते.

चौघांची हत्यारं वेगळी, पण त्याहून महत्त्वाची त्यांची अवजारं. स्काउटकडे दोरीचा आकडा असतो, त्याने तो क्षणात कुठेही झेपावतो. अंधार उजळवणारी फ्लेअर गनही त्याच्याकडेच. इंजिनिअरची बंदूक भिंतीवर फेसासारखा पदार्थ मारते आणि त्याचा उभं राहण्याजोगा ओटा तयार होतो. ड्रिलर दगडातून सरळ बोगदा काढतो. गनर दोन टोकांमध्ये झिपलाइन ताणतो, ती सगळ्यांना वापरता येते.

आता हे बघा. तुम्ही एका उंच दालनात शिरता. स्काउट वर फ्लेअर मारतो आणि छताजवळ, पंचवीस-तीस मीटरवर, खनिजाची शीर चमकताना दिसते. स्काउट तिथे पोचू शकतो, पण पाय ठेवायला जागाच नाही, तो खाली घसरणार. इंजिनिअर ओटा करू शकतो, पण त्याला वर जाता येत नाही. म्हणून इंजिनिअर खालून शिरेच्या बरोबर खाली एक ओटा मारतो, स्काउट आकडा टाकून त्यावर उतरतो, चार घाव घालतो आणि खनिज काढून परत येतो. सगळं मिळून दहा सेकंद लागत असतील. मी इंजिनिअर खेळते, भाऊ स्काउट. पहिल्या महिन्यात तो ओरडायचा, "ताई, वर! डावीकडे, अजून वर!" आता तो फक्त शिरेवर लेझर दाखवतो. बऱ्याचदा तोही लागत नाही. त्याने फ्लेअर मारली आणि वर काही चमकलं की माझा हात आधीच प्लॅटफॉर्म गनवर गेलेला असतो.

माझ्या मते सगळं आकर्षण या दहा सेकंदांत आहे. माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं आणि माझं कुणावाचून तरी अडतं. लेव्हल, बंदुका, रंगीत लूट यांनी माणूस खेळाकडे ओढला जातो हे खरं, पण टिकतो तो या गरजेमुळे. आरपीजीचा भूमिकेचा भाग नसता तर चौघं जण एकाच जागी उभे राहून एकाच शत्रूवर गोळ्या झाडत बसले असते. एकजण कमी झाला तर थोडं जड गेलं असतं, इतकंच. इथे स्काउट नसला की गुहा खरोखर काळोखी होते, आणि ड्रिलर नसला की परतीची वाट लांब होते.

मेल्यावर पुन्हा जिवंत होता येतं, मग थरार कसला?

लहानपणी विषामृत खेळला आहात ना? ज्याच्यावर राज्य आहे त्याने हात लावून "विष" म्हटलं की तुम्ही जागच्या जागी पुतळा. मग आपल्यातल्या कुणीतरी जिवावर उदार होऊन धावत यायचं, हात लावायचा आणि "अमृत" म्हणायचं. त्या खेळाचा थरार विष मिळण्यात नव्हता, अमृत द्यायला कोण येतंय याची वाट बघण्यात होता. कोपऱ्यात पुतळा होऊन उभ्या राहिलेल्या मुलाचे डोळे आठवा.

हे गेम त्याच धाग्यावर उभे आहेत. ‘डीप रॉक’मध्ये तुम्ही पडलात की जमिनीवर पडून राहता आणि सोबत्याने तुमच्याजवळ काही सेकंद थांबून उठवावं लागतं. त्या काही सेकंदांत त्याला गोळी झाडता येत नाही. म्हणजे तुम्हाला वाचवणारा स्वतः उघडा पडतो. ‘बॉर्डरलँड्स’ने याला छान जोड दिली आहे. तिथे पडल्यावरही तुमच्या हातात बंदूक असते आणि जीव ओसरत असताना एक शत्रू मारलात तर तुम्ही आपोआप उठता. कबड्डीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाहेर बसलेला गडी जिवंत होतो, तसंच काहीसं. त्यामुळे सोबती मुद्दाम एखादा अर्धमेला शत्रू तुमच्यासाठी शिल्लक ठेवतात. ‘बॉर्डरलँड्स २’ मधली माया तर योग्य ते कौशल्य घेतलं असेल तर आपल्या शक्तीने पडलेल्या सोबत्याला लांबूनच क्षणात उभं करते.

एक रात्र सांगते. मिशन संपलं होतं, परतीचं यान उतरलं होतं, घड्याळात दीडेक मिनिट उरलं होतं. यानाच्या दारापासून पन्नास मीटरवर भाऊ पडला. नियम असा आहे की एक जण जरी यानात पोचला तरी मिशन यशस्वी. त्यामुळे तो म्हणाला, "ताई, तू जा, मला सोड." मी वळले. माझ्या मागे एक अनोळखी गनर होता. त्या रात्री तो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. तो यानाच्या दारातून परत फिरला आणि आमच्या दोघांवर ढालीचा घुमट टाकला. बाहेर किडे घुमटाला धडका देत होते, आत मी भावाला उठवत होते. तिघंही पोचलो. गनरचं नाव मला आठवत नाही, पण तो निळसर घुमट मला अजून दिसतो.

इतक्या बंदुका आणि इतके आकडे कशाला? डोकं चक्रावतं.

सुरुवातीला चक्रावतं खरं. ‘बॉर्डरलँड्स’मध्ये रंगावरून ओळखायचं: पांढरी साधी, मग हिरवी, निळी, जांभळी आणि फार दुर्मीळ अशी नारिंगी. एवढ्यावर पहिले दहा तास निघतात.

खरी गंमत आकड्यांपलीकडे आहे. ‘बॉर्डरलँड्स २’ मध्ये प्रत्येक बंदूक कोणत्या ना कोणत्या काल्पनिक कंपनीने बनवलेली असते आणि प्रत्येक कंपनीचा स्वभाव वेगळा. टॉर्गच्या बंदुकांची प्रत्येक गोळी फुटते. हायपेरियनची बंदूक जितकी झाडत राहाल तितकी अचूक होत जाते. टेडिओरची तर भरायचीच नाही. रिकामी होत आली की उचलून शत्रूवर भिरकावायची, ती बाँबसारखी फुटते आणि हातात नवी कोरी येते. शिवाय आग मांसावर भारी, वीज शत्रूच्या शिल्डवर आणि आम्ल चिलखतावर. म्हणजे इथेही वाटणी आली. एकाने वीज घ्यायची, दुसऱ्याने आग. पहिल्याने शिल्ड उतरवली की दुसऱ्याने जाळायचं. आकडे वाचून कंटाळा येत असेल तर आकडे सोडा, प्रत्येक बंदूक एकदा झाडून बघा आणि हाताला आवडेल ती ठेवा.

‘डीप रॉक’ने वेगळा रस्ता धरला. तिथे जमिनीवर बंदुका सापडत नाहीत. तुमची ठरलेली हत्यारं तुम्ही सुधारत नेता. प्रत्येक पायरीवर दोन-तीन पर्यायांतून एकच निवडता येतो, त्यामुळे काही घेतलं की काही सुटतंच. पुढे ओव्हरक्लॉक मिळतात, म्हणजे हत्याराचा स्वभावच बदलणाऱ्या खास सुधारणा. माझ्या ग्रेनेड लाँचरसाठी ‘फॅट बॉय’ नावाचा एक आहे. त्याने प्रत्येक गोळा छोट्या अणुबाँबसारखा फुटतो आणि मागे किरणोत्सर्ग उरतो, पण गोळे मोजकेच मिळतात. मी तो लावला की भाऊ आधी माझ्यापासून चार पावलं लांब सरकतो. त्या स्फोटात सोबतीही भाजतात.

मित्राची लेव्हल पन्नास, माझी पाच. एकत्र खेळता येईल?

या प्रकाराचं मोठं दुखणं हेच, आणि याबद्दल पुरेसं बोललं जात नाही असं मला वाटतं.

को-ऑप माणसांना जवळ आणतं. आरपीजीतली वाढ त्यांना लांब नेते. दोन्ही एकाच गेममध्ये बसवायचे म्हणजे मूळचं भांडण आलंच. मित्र शनिवार-रविवार एकटाच खेळत बसला, तुम्ही घरच्या लग्नात होतात. सोमवारी दोघं भेटलात तर त्याची लेव्हल दहा पायऱ्या पुढे. ‘बॉर्डरलँड्स २’ मध्ये अशा वेळी तुमच्या गोळ्या शत्रूला गुदगुल्या करतात आणि त्याच्या एका फटक्यात तुम्ही आडवे. जमिनीवर पडलेली लूटही सगळ्यांची मिळून एक. ज्याचा हात आधी पोचेल त्याची बंदूक. यावरून चांगल्या घरातल्या भावंडांची भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

२०१९ च्या ‘बॉर्डरलँड्स ३’ ने यावर औषध काढलं. तिथे दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येकाला आपापल्या लेव्हलचा शत्रू दिसतो आणि प्रत्येकाची लूट वेगळी पडते. शत्रू तोच, पण तुमच्यासाठी तो पाच लेव्हलचा आणि मित्रासाठी पन्नासचा. दुसरी जुनी पद्धतही ठेवली आहे, ज्यांना ओढाओढ आवडते त्यांच्यासाठी. मी पहिलीच घ्या असं सांगेन.

‘डीप रॉक’चा उपाय मला याहून जास्त पटतो, कारण तो मुळातच दुखणं होऊ देत नाही. शत्रूला लेव्हल नाही. जुन्या खेळाडूकडे जास्त पर्याय असतात आणि सुधारलेली हत्यारं असतात, पण नव्या खेळाडूचा ओटाही तितकाच उपयोगी आणि फ्लेअरही तितकीच उजळ. पंचविसाव्या लेव्हलला पोचलात की बढती मिळते आणि लेव्हल पुन्हा एकपासून सुरू होते, घेतलेल्या सुधारणा मात्र राहतात. खनिजांचंही तसंच. कुणीही काढलं तरी ते सगळ्यांच्या खात्यावर पूर्ण जमा होतं. माझी मावसबहीण पहिल्याच दिवशी आमच्यात आली, तेव्हा आमच्या तिघांच्या मिळून शेकडो मिशनपुढे तिचं पहिलं मिशन होतं. तिला ड्रिलर दिला. तिने एक सरळ बोगदा काढला आणि आम्ही सगळे त्यातून यानापर्यंत धावलो. त्या दिवशी तिच्याइतकं कामाचं आमच्यात कुणी नव्हतं.

मला नेम धरता येत नाही. माझा काय उपयोग?

शूटरमध्ये आरपीजी मिसळल्याचा सर्वांत मोठा फायदा तुम्हालाच आहे. नेम हे अनेक कौशल्यांपैकी एक होऊन जातं.

‘डीप रॉक’मधल्या इंजिनिअरकडे आपोआप गोळ्या झाडणारे टरेट असतात. कुठे मांडायचे हे डोकं ज्याला आहे त्याने बोटं थोडी हळू चालवली तरी चालतं. ‘बॉर्डरलँड्स’च्या पहिल्या भागातल्या रोलंडला एक कौशल्य मिळतं: तुम्ही सोबत्यावर गोळ्या झाडल्या की त्याची तब्येत सुधारते. ‘बॉर्डरलँड्स २’ मधल्या गेजकडे तर चुकलेल्या गोळ्यांसाठीच कौशल्य आहे. भिंतीवर आपटलेली गोळी उडून जवळच्या शत्रूकडे वळण्याची शक्यता त्याने निर्माण होते. कुणीतरी बसून नेम न लागणाऱ्या माणसाचा विचार केला, त्याच्यासाठी कौशल्यांची एक आख्खी फांदी लिहिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

माझे सासरे एकदा शेजारी बसून बघत होते. त्यांना माउस फिरवता फिरवता चक्कर येते, त्यामुळे खेळणं जमलं नाही. पण अर्ध्या तासाने ते मला सांगायला लागले, "अगं, रसद संपत आलीय, आधी लाल दगड शोधा." बरोबर होतं त्यांचं. त्या लाल खनिजाचं नाव नायट्रा. ८० नायट्रा जमल्याशिवाय दारूगोळ्याची रसद मागवता येत नाही.

अनोळखी लोकांबरोबर खेळावं का?

जरूर. पहिल्या वेळी छातीत धडधडतं, पण ‘डीप रॉक’चे खेळाडू मला तरी फार सभ्य भेटले आहेत, आणि त्याला कारण गेमची रचनाच आहे असं मला वाटतं.

रसदीचंच उदाहरण घ्या. वरून एक पेटारा येऊन जमिनीत रुततो. त्यात चार कप्पे. चौघांना एकेक, हा अलिखित नियम. पण तुम्ही दोन घेतले तर गेम अडवत नाही. म्हणजे दर वेळी तुमच्यावर विश्वास टाकला जातो, आणि बहुतेक लोक तो पाळतात. गोळ्या पुरेशा असतील तर काही जण आपला कप्पा तसाच सोडतात आणि ज्याची बंदूक रिकामी आहे त्याला लेझरने तो दाखवतात.

बोलता आलं नाही तरी अडत नाही. लेझर एखाद्या वस्तूवर धरला की तुमचं पात्र स्वतःच त्या वस्तूचं नाव घेतं. आणि एक बटण आहे, ते दाबलं की बुटका मूठ उंचावून "रॉक अँड स्टोन!" असं ओरडतो. मदत झाली, आभार मानायचे, दाबा बटण. खनिज सापडलं, दाबा. काहीच झालं नाही, तरी दाबा. समोरचा कोरियन असो की ब्राझीलचा, तो उलटून तेच ओरडतो. कोल्हापूरच्या एका मुलीशी माझी मैत्री अशीच झाली. दोघींनाही तासभर माहीत नव्हतं की समोरची मराठी आहे. झुंड अंगावर आली आणि तिच्या माइकमधून "आई गं!" ऐकू आलं, तेव्हा कळलं.

दोन पथ्यं पाळा. रसद मागवण्याआधी विचारा. आणि परतीचं यान बोलावायचं बटण दाबण्याआधी तर नक्कीच विचारा, कारण तिथून घड्याळ सुरू होतं. एका होस्टने, म्हणजे ज्याच्या मशिनवर खेळ चालू होता त्याने, मला काही न सांगता खेळाच्या खोलीतून काढून टाकल्याचंही एकदा झालं आहे. वाईट वाटलं. दुसरी खोली शोधली.

चुकून सोबत्याला गोळी लागली तर?

‘बॉर्डरलँड्स’मध्ये लागत नाही. ‘डीप रॉक’मध्ये लागते, आणि ‘हेलडायव्हर्स २’ मध्ये तर सर्रास लागते. "सॉरी" म्हणा, उठवा, पुढे चला.

एकट्याने खेळता येतं का?

येतं. ‘डीप रॉक’मध्ये बॉस्को नावाचा उडता यंत्रमानव सोबत येतो. तो खणतो, उजेड दाखवतो, लढतो, तुम्ही पडलात तर उठवतोसुद्धा. शत्रूंची संख्याही माणसांच्या हिशोबाने कमी होते. शिकायला उत्तम. पण वर जे दहा सेकंद सांगितले ते बॉस्कोबरोबर मिळत नाहीत.

‘लेफ्ट ४ डेड’ यात बसतो का?

अर्धा. वाल्व्ह कंपनीचा हा २००८ चा गेम को-ऑपचा पाया समजला जातो आणि तो मान रास्तच आहे. झोंबी तुमच्यावर झेप घेऊन दाबून धरतो आणि सोबती आल्याशिवाय सुटका नाही, ही कल्पना पुढे अनेकांनी उचलली. ‘डीप रॉक’मधल्या छताला लोंबकळणाऱ्या आणि माणसाला वर ओढून नेणाऱ्या जळवा त्याच वंशातल्या. पण ‘लेफ्ट ४ डेड’मधली चारही पात्रं ताकदीने अगदी सारखी आहेत आणि वाढ अशी काही नाही. आरपीजी नसूनही तो थोर आहे, हे मात्र मान्य करायला हवं.

‘हेलडायव्हर्स २’ चं इतकं नाव का झालं?

स्टॉकहोमच्या अ‍ॅरोहेड कंपनीचा हा गेम ८ फेब्रुवारी २०२४ ला आला आणि बारा आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती खपल्या. आरपीजीचा भाग यात पातळ आहे. मला त्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे. रणगाडाविरोधी तोफेचे गोळे पाठीवरच्या पिशवीत असतात. एकट्याने ती भरायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ एका जागी थांबावं लागतं. पण पिशवी सोबत्याने पाठीला लावली आणि तो शेजारी उभा राहिला, तर तो गोळे भरत राहतो आणि तुम्ही झाडत राहता. दुसऱ्याच्या हत्यारासाठी आपली पाठ देणं. यात त्याला स्वतःला काहीच मिळत नाही, आणि तरी लोक आपणहून ते करतात.

कॉम्प्युटर आणि इंटरनेट किती चांगलं लागतं?

‘डीप रॉक’ साध्या गेमिंग लॅपटॉपवर चालतो आणि आकारानेही लहान आहे. नवे ‘बॉर्डरलँड्स’ जड आहेत. जुन्या मशिनवर दुसरा भाग घ्या.

‘डीप रॉक’मध्ये चौघांपैकी एकाच्या मशिनवर खेळ चालतो, त्याला होस्ट म्हणतात. म्हणून ज्याचं कनेक्शन चांगलं आणि जो बाकीच्यांना मधला पडतो, त्याने होस्ट व्हावं. भाऊ होस्ट झाला की मला जरा उशिराने दिसतं, मी झाले की त्याला. आम्ही पाळीपाळीने होतो. आणि खरेदीआधी एक बघा: ‘डीप रॉक’ स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतला तर एक्सबॉक्सवाल्या मित्राबरोबर खेळता येत नाही. चौघांनी आधी ठरवून एकाच ठिकाणी घ्या.

एका बैठकीला किती वेळ जातो?

‘डीप रॉक’चं एक मिशन साधारण वीस ते चाळीस मिनिटांचं. कुकर लावून बसू नका, सोबत्यांबरोबर खेळताना मधेच थांबवता येत नाही. ‘बॉर्डरलँड्स’ची गोष्ट सलग पुढे जाते आणि "एवढी एकच पेटी उघडू" म्हणता म्हणता पहाट होते. घरात परीक्षा असेल तर तो गेम मी कपाटात ठेवायला सांगते.

मुलांना द्यावा का?

‘बॉर्डरलँड्स’ मुळीच नाही. रक्तपात आहे, भाषा शिवराळ आहे, युरोपात त्याला १८ वर्षांचं प्रमाणपत्र आहे. ‘डीप रॉक’मध्ये शत्रू म्हणजे किडे आणि यंत्रं, पण तिथला अड्डा म्हणजे बार आहे आणि बुटके मिशनआधी बिअर पितात. थोड्या मोठ्या मुलांबरोबर तुम्ही स्वतः खेळत असाल तर माझी हरकत नाही. माइकवर अनोळखी माणसं असतात, हे मात्र विसरू नका. मुलांसाठी खोली खासगी ठेवा.

कोणत्या भूमिकेपासून सुरुवात करू?

घाई आवडत असेल तर स्काउट, पण त्याचा जीव उंचावरून पडूनच जास्त जातो. शांतपणे चार जणांची पाठ राखायची असेल तर गनर. माझ्यासारखं मागे राहून मांडामांड करायला आवडत असेल तर इंजिनिअर. पहिल्यांदाच गेम हातात घेणाऱ्याला मी ड्रिलर देते. हरवलात तरी दगड फोडून सरळ बाहेर येता.

पहिली दोन-तीन मिशनं सोपी घ्या. डोरेटा नावाचं मोठं ड्रिल यंत्र राखत न्यायचं एक मिशन आहे, ते लवकर खेळा. काम झाल्यावर डोरेटा बंद पडते, पण तिचं डोकं काढून उचलता येतं. मिशन पूर्ण व्हायला त्याची गरज नसते. तरी किडे मागे लागलेले असताना कुणीतरी ते डोकं उचलतं, ते जड असल्याने त्याला लढता येत नाही, आणि बाकीचे तिघं त्याच्या भोवती कडं करून यानापर्यंत नेतात. तुमच्या गटात ते कोण उचलतंय ते बघा, आणि त्याच्या डाव्या बाजूला राहा. भाऊ उजवी बाजू बघतो.